उसन्या जोराचा बाजार

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला 50 गुण असतात. मुलांसाठी 1600 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. लांब पल्ल्याच्या धावेत काही सेकंद मागे पडले की दोन गुण जातात आणि दोन गुणांनी निवड यादीतून नाव जाते. पारनेर-पाथर्डीपासून अकोल्यापर्यंत पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे दिसतात, ती या सेकंदांसाठी पळत असतात. आर्मर्ड कोअर सेंटर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर ज्या नगर शहरात आहेत, त्या जिल्ह्यात वर्दीची ओढ असणारच. जिरायत शेतीच्या घराला नोकरीचा दुसरा खात्रीचा रस्ताही फारसा दिसत नाही.

आणि हा जिल्हा तालमींचाही आहे. 2025 साली जानेवारीअखेर वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला. 2 फेब्रुवारीला पृथ्वीराज मोहोळने गदा उचलली. दोन महिने होत नाहीत तोच मार्चअखेर याच जिल्ह्यात, कर्जतला, दुसरा महाराष्ट्र केसरी झाला आणि तिथे वेताळ शेळके जिंकला. दोन संघटनांच्या भांडणातून का होईना, एका वर्षात दोन केसरी नगरच्या मातीने पाहिले. त्या गर्दीत बसलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या मनात काय पेटले असेल, हे सांगायला नको.

या मुलांच्या मनातल्या आगीवर आज एक बाजार शेकतो आहे. तिथल्या मालाला प्री-वर्कआउट म्हणतात. व्यायामाच्या अर्ध्या तासाआधी पाण्यात कालवून घ्यायची रंगीत पूड. दीड-दोन हजारांचा डबा, त्यात साधारण तीस स्कूप. डब्यावर फुगलेले दंड, विजेच्या रेघा आणि ताकद, पंप, फोकस, स्टॅमिना अशी आश्वासने. जिमच्या काउंटरवर तो मिळतो, मोबाइलवरून मागवला की तालुक्याच्या गावीही घरपोच येतो. आम्ही आज या आश्वासनांचा हिशोब मांडतो आहोत, कारण डबा विकत घेणाऱ्या पोराला तो कोणी मांडून दाखवत नाही. त्याला माहिती मिळते ती विकणाऱ्याकडून.

आधी एक गैरसमज दूर करू. पुष्कळ आई-वडिलांना वाटते की पोरगा ‘पावडर’ घेतो म्हणजे प्रोटीन घेतो, दुधासारखेच काहीतरी अंगी लागत असेल. प्री-वर्कआउटमध्ये प्रोटीन जवळजवळ नसते. ते अन्न नाहीच. ते उत्तेजक आहे. कांद्याच्या पट्टीतून किंवा दुधाच्या पगारातून जे दोन हजार रुपये काढून दिले, त्यातून पोराच्या पोटात पोषण म्हणून काहीही गेलेले नाही. त्याच पैशांत सुमारे अडीचशे अंडी आली असती.

मग डब्यात असते काय? 2019 साली ‘न्यूट्रिएंट्स’ या विज्ञानपत्रिकेत शंभर लोकप्रिय प्री-वर्कआउटची छाननी प्रसिद्ध झाली. बहुतेकांत दोन घटक होते, कॅफीन आणि बीटा-अ‍ॅलानिन. एका मात्रेत कॅफीन सरासरी 254 मिलिग्रॅम. आणि एकूण घटकांपैकी 44 टक्के घटक असे, की त्यांचे प्रमाण लेबलवर दिलेलेच नव्हते. अनेक घटकांचे एक ‘खास मिश्रण’ करायचे, मिश्रणाचे एकूण वजन छापायचे आणि आतले कोणते किती ते झाकून ठेवायचे, ही या धंद्याची जुनी रीत. ज्याचे प्रमाणच सांगितलेले नाही, त्याच्या परिणामाचा दावा कोणत्या आधारावर करायचा?

कॅफीनचे मात्र मान्य करायला हवे. ते काम करते. मेंदूत थकव्याचा निरोप पोचवणारे अ‍ॅडिनोसिन नावाचे रसायन असते. कॅफीन त्याची जागा अडवते, म्हणून थकवा उशिरा जाणवतो. शरीराच्या दर किलोला 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफीन व्यायामाच्या तासभर आधी घेतले, तर दमाच्या खेळांत सरासरी 2 ते 4 टक्के फरक पडतो, असे अनेक प्रयोगांतून दिसले आहे. साडेपाच मिनिटांत 1600 मीटर पळणाऱ्याला 2 टक्के म्हणजे सहा-सात सेकंद. मोह इथेच आहे, आणि तो खोटा नाही, म्हणून जास्त धोक्याचा आहे. पण 60 किलोच्या मुलाला त्यासाठी 180 मिलिग्रॅम पुरतात. चिकोरी नसलेल्या इन्स्टंट कॉफीच्या तीन चमच्यांत जवळपास तेवढे कॅफीन असते आणि त्याला काही रुपये पडतात. म्हणजे डब्यातला जो एक घटक त्याच दिवशी खरोखर परिणाम दाखवतो, तो स्वयंपाकघरात आधीपासून आहे. बाकीचे पैसे रंगाचे, चवीचे आणि चित्राचे.

सरासरी हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. कोणाला कॅफीन मानवते, कोणाला नाही. काहींची छाती धडधडते, हात थरथरतात, पोट बिघडते. भरतीच्या दिवशी पोरगा आधीच धास्तावलेला असतो. पहाटे तीनला उठलेला, उपाशी, रात्र एखाद्या लॉजवर किंवा मैदानाबाहेर फुटपाथवर काढलेली. त्या अवस्थेत मित्राने दिलेला स्कूप पहिल्यांदा तोंडात टाकायचा आणि ग्राउंडला उतरायचे, याला तयारी म्हणत नाहीत.

आता मुंग्यांविषयी. स्कूप घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत चेहऱ्यावर, कानाला, हाताला मुंग्या येतात आणि जिममध्ये एकमेकांना सांगितले जाते, “लागलं बघ!” या मुंग्या बीटा-अ‍ॅलानिनच्या असतात. एका वेळी साधारण 800 मिलिग्रॅमपेक्षा जास्त पोटात गेले की ते कातडीतल्या मज्जातंतूंना चेतवते. स्नायूंत जोर आल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. बीटा-अ‍ॅलानिनचा खरा उपयोग आहे तो सावकाश होणारा. रोज 4 ते 6 ग्रॅम, निदान चार आठवडे, तेव्हा कुठे स्नायूंत कार्नोसिन साठते आणि एक ते चार मिनिटांच्या जोराच्या श्रमात थोडी मदत होते. वर सांगितलेल्या शंभर डब्यांत त्याचे सरासरी प्रमाण 2 ग्रॅमच होते. म्हणजे मात्रा अपुरी, आणि ‘व्यायामाआधी घ्या’ ही सूचनाही निरर्थक. मग ते डब्यात कशाला घालतात? आमचे मत असे की मुंग्या हीच त्याची जाहिरात आहे. गिऱ्हाइकाला अंगावर काहीतरी झाल्याचे कळले पाहिजे, त्यासाठी ते आहे.

क्रिएटिनचेही तसेच. ते चांगले अभ्यासलेले आहे, ताकदीच्या व्यायामात उपयोगी आहे, पण रोज 3 ते 5 ग्रॅम काही आठवडे घेतल्यावर. ते व्यायामाआधी घेतले काय, रात्री घेतले काय, सारखेच. सुटे घेतले तर कितीतरी स्वस्त. सिट्रुलिनचा ‘पंप’ म्हणजे रक्त साठून स्नायू तात्पुरता फुगणे. अभ्यासांत 6 ते 8 ग्रॅम वापरतात आणि तरीही निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आर्जिनिन तोंडाने घेतले तर बरेचसे आतड्यात आणि यकृतातच मोडते. टॉरिन, टायरोसिन, बीसीएए यांच्या नावाने डब्यावर ओळी भरतात, एवढेच. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2018 साली पूरक आहारावर एकमताचे निवेदन काढले. कामगिरी सुधारते असा चांगला पुरावा त्यांना मोजक्याच घटकांपाशी सापडला. कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलानिन आणि खाण्याचा सोडा, म्हणजे बायकार्बोनेट. हजारो उत्पादनांच्या बाजारातून एवढीच नावे उरली. यातले नायट्रेट आपल्याकडे बिटात आणि पालकात मिळते.

इथपर्यंतचा हिशोब पैशाचा झाला. आता जिवाचा.

युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2015 साली निरोगी प्रौढासाठी एका वेळी 200 आणि दिवसभरात 400 मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत चिंता नाही असे म्हटले. आपल्या देशात कॅफीनयुक्त पेयांना लिटरमागे 300 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, आणि लहान मुलांनी, गर्भवतींनी ती घेऊ नयेत, दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त घेऊ नयेत, अशी सूचना बाटलीवर छापावी लागते. म्हणजे पाव लिटरच्या एनर्जी ड्रिंकमध्ये फार तर 75 मिलिग्रॅम. पुडीच्या एका स्कूपात त्याच्या तिप्पट. आणि पोरे एका स्कूपावर थांबत नाहीत. पहिल्या आठवड्यात जी किक बसते ती तिसऱ्या आठवड्यात बसत नाही, शरीर सरावते, मग दीड स्कूप, मग दोन. शिवाय दिवसाचे तीन-चार चहा आहेतच. मोबाइलवरच्या रील पाहून काहीजण पूड कोरडीच तोंडात टाकतात. ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि सगळे कॅफीन एकदम पोटात पोचते. 2021 साली वेल्समध्ये 29 वर्षांचा एक पर्सनल ट्रेनर शुद्ध कॅफीनची पूड घरगुती वजनकाट्यावर मोजून प्यायला. काटा एवढ्या बारीक मापाचा नव्हता. मात्रा कितीतरी पट जास्त गेली आणि तो वाचला नाही.

झोपेचा विचार तर कोणी करतच नाही. कॅफीन अंगातून निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातला जिमला जाणाऱ्याने 250 मिलिग्रॅम घेतले, तर रात्री बारालाही एका कडक कॉफीएवढे त्याच्या रक्तात असते. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफीनने झोप तासाहून अधिक कमी होते, असे 2013 सालच्या एका अमेरिकी प्रयोगात दिसले. स्नायू भरतात ते झोपेत. सकाळी पाचला ग्राउंड, संध्याकाळी जिम आणि मधली रात्र जागून काढलेली, असे महिनोन्‌महिने चालले तर पोराची ताकद वाढत नाही, आटते. मग आटलेली ताकद भरून काढायला पुन्हा तोच डबा.

आणि डब्यावर जे लिहिले आहे तेच आत आहे, याची हमी कोण देणार? 2024 साली केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन पुडींची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे 70 टक्के उत्पादनांत प्रोटीनचे प्रमाण लेबलशी जुळले नाही. काहींत लिहिल्याच्या निम्मेच होते. 14 टक्के नमुन्यांत बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, आणि 8 टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. ज्या प्रोटीनला निदान अन्न म्हणता येते त्याची ही अवस्था. अमेरिकेत 2023 साली खेळाडूंसाठीच्या 57 पूरक उत्पादनांची चाचणी झाली. 89 टक्क्यांची लेबले चुकीची निघाली. 23 उत्पादनांत लिहिलेला घटक मुळीच नव्हता आणि सातांत सरकारने मनाई केलेले पदार्थ होते. तिथली यंत्रणा आपल्याहून सधन आहे, तरी ही गत.

मनाई केलेले पदार्थ म्हणजे काय, हेही सांगायला हवे. अमेरिकेत इफेड्रा नावाच्या वनस्पतीचा अर्क अशा उत्पादनांत सर्रास असे. मृत्यू झाल्यावर 2004 साली त्यावर बंदी आली. त्याची जागा डीएमएए या उत्तेजकाने घेतली. 2011 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंशी त्याचे नाव जोडले गेले, लष्कराच्या दुकानांतून ते हटवावे लागले, आणि 2012 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात कोसळून मरण पावलेल्या 30 वर्षांच्या धावपटू तरुणीने ते घेतल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. त्यानंतर त्याच्याच घराण्यातली दुसरी रसायने आली. एकावर बंदी आली की रेणूत थोडा फेर करून पुढचे बाजारात येते, आणि कायदा प्रत्येक वेळी मृत्यूनंतर पोचतो.

कुस्तीत असणाऱ्यांसाठी आणखी एक फास आहे. डोपिंगच्या नियमांत खेळाडूच्या नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला की जबाबदारी त्याचीच. डब्यात भेसळ होती, मला ठाऊक नव्हते, हे सांगून सुटका होत नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंह यादवचे 2016 साली काय झाले ते आठवावे. नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडले. आपल्या अन्नात कोणीतरी ते मिसळले असे त्याचे म्हणणे होते. देशातल्या संस्थेने त्याला मोकळे केले, पण रिओ ऑलिम्पिक सुरू असताना, त्याच्या कुस्तीच्या ऐन तोंडावर क्रीडा लवादाने ते म्हणणे फेटाळले आणि चार वर्षांची बंदी घातली. 2024 साली भारतात घेतलेल्या सात हजारांवर नमुन्यांपैकी 260 दोषी निघाले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वाईट. कर्जत, जामखेड, श्रीगोंद्याच्या गावयात्रांतल्या हगाम्यांत कोणी नमुने घेत नाही, म्हणून सवय तिथे लागते. ती उघडी पडते राष्ट्रीय स्पर्धेत, जेव्हा पोरगा नाव कमावण्याच्या उंबऱ्यावर असतो.

तरीही आमची सगळ्यात मोठी काळजी या डब्यापुढच्या पायरीची आहे. तिचे नाव मेफेंटरमाइन सल्फेट. हे इंजेक्शन आहे. शस्त्रक्रियेसाठी पाठीत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब कोसळला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ ते वापरतात; थोडे थोडे, समोर मॉनिटर लावून. हेच इंजेक्शन पुण्यासह राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत जिममधल्या आणि भरतीच्या पोरांना चोरून विकले जात असल्याचे पोलिसांच्या छाप्यांत पुन्हा पुन्हा उघड झाले आहे. व्यायामाआधी टोचले की थकवा जाणवत नाही, एवढ्या एका कारणासाठी. त्याने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात, हृदयाची लय बिघडू शकते. त्याच्या आहारी गेलेले, भास होऊ लागलेले, संशयाने पछाडलेले तरुण रुग्ण भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत. एकाच सुईने चौघांनी टोचून घेतले तर एचआयव्ही आणि काविळीचे दार उघडते. डॉक्टरच्या चिठ्ठीविना ते विकता येत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत ते आहे.

प्रत्येक स्कूप घेणारा पोरगा इंजेक्शनपर्यंत जातो असे आम्ही म्हणत नाही. पण व्यायामाच्या आधी बाहेरून काहीतरी घेतल्याशिवाय अंगात जोर येत नाही, ही समजूत डबा मनात रुजवतो. तो कमी पडू लागला की जो माणूस डबा विकत होता त्याच्याच ओळखीतून बाटली येते. ज्या जिममध्ये व्यायाम शिकवणाराच दुकानदार असतो, तिथे पोराला ‘नको’ म्हणणारा कोणी उरत नाही. तालमीतला वस्ताद खुराक ठरवायचा तेव्हा दूध-तुपाच्या विक्रीत त्याचा वाटा नसायचा. हा फरक साधा वाटतो, पण सगळे अनर्थ त्यातूनच निघतात.

उन्हाचेही भान ठेवायला हवे. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या 5 किलोमीटर धावेत उमेदवार कोसळून मेले. ते उन्हाने आणि श्रमाने. उत्तेजकाचा ठपका त्यांच्यावर नाही, आणि ठेवूही नये. त्या मृत्यूंनंतर धावेचे अंतर कमी करण्यात आले. पण जिथे नुसते ऊन आणि श्रम जीव घेऊ शकतात, तिथे थकव्याची सूचनाच बंद पाडणारे रसायन अंगात असेल तर काय होईल? थकवा हा शरीराने दिलेला थांबण्याचा इशारा असतो. नगरचा उन्हाळा चाळिशी पार करतो. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडलेला पैलवान आणि उपाशीपोटी ग्राउंडला उतरलेला उमेदवार, दोघांसाठी हा इशारा शेवटचा असू शकतो.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे. पूरक आहाराचे नियम 2016 साली निघाले, 2018 पासून लागू झाले. त्यांत संप्रेरके, स्टेरॉइड आणि मनावर परिणाम करणारी द्रव्ये मिसळण्यास मनाई आहे. खोट्या लेबलला 3 लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. डब्यावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक मात्र फक्त व्यवसायाला परवाना असल्याचे सांगतो. हा डबा तपासला आहे, असे तो सांगत नाही. तपासायला कोणीतरी दुकानात जाऊन नमुना उचलावा लागतो. सणासुदीला खवा आणि मिठाई, अधूनमधून दूध, यांचे नमुने आपल्याकडे घेतले जातात आणि ते योग्यच आहे. जिमच्या काउंटरवरच्या डब्यांचे नमुने त्याच नेमाने घेतले गेले पाहिजेत.

म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. नगर शहर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता इथल्या जिम आणि पूरक आहाराच्या दुकानांतून, तसेच ऑनलाइन मागवून, प्री-वर्कआउटचे नमुने घ्यावेत. कॅफीनचे खरे प्रमाण आणि बंदी असलेली उत्तेजके तपासावीत. अहवाल उत्पादनाचे नाव आणि बॅच क्रमांकासह जाहीर करावा. फाइलमध्ये पडलेल्या अहवालाने कोणाचेही पोर वाचत नाही. मनुष्यबळ कमी आहे हे आम्हाला ठाऊक आहे. तेवढ्यासाठी काम सुरूच होऊ नये हे मात्र मान्य नाही. मेफेंटरमाइनच्या प्रत्येक जप्तीनंतर पोलिसांनी विकणाऱ्या पोरापाशी न थांबता ज्या घाऊक विक्रेत्याकडून बाटल्या निघाल्या तिथपर्यंत जायला हवे. औषध कारखान्यात बनते, त्याच्या प्रत्येक खोक्यावर बॅच असते, माग काढता येतो.

भरती अकादमी चालवणाऱ्यांनाही सांगणे आहे. तुम्ही आई-वडिलांकडून फी घेता, मुले तुमच्या वसतिगृहात राहतात. प्रवेशाच्या दिवशीच पालकांसमोर सांगा की इथे उत्तेजक चालणार नाही, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात तो डबा दिसला तर घरी फोन करा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 सालीच मुलांनी आणि किशोरांनी उत्तेजक असलेली एनर्जी ड्रिंक घेऊ नयेत असे सांगितले आहे. कुस्तीचे आखाडे भरवणाऱ्या पुढाऱ्यांनी आणि संघटनांनी मैदानाभोवती अशा उत्पादनांच्या जाहिराती लावू देऊ नयेत. लाखांची बक्षिसे देता येतात, तर दोन-चार पैलवानांच्या नमुना चाचणीचा खर्चही देता येईल.

आणि जे घेत आहेत त्या तरुणांशी थेट बोलायचे आहे. तुमच्या मेहनतीबद्दल आम्हाला आदर आहे. पहाटे उठून धावणारा पोरगा आळशी नसतो आणि मूर्खही नसतो. त्याला फसवले जाते. घ्यायचेच ठरवले असेल तर निदान डब्यावर एका स्कूपात कॅफीन किती ते वाचा. आकडा नसेल तर डबा परत करा. आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता नसेल तर तो घेऊ नका. रक्तदाब, हृदयाचा त्रास, फिट्स किंवा घरात कमी वयात हृदयविकाराने कोणी गेले असेल तर एक स्कूपही नको. व्यायाम करताना छातीत दुखले, ठोके चुकल्यासारखे वाटले, अंधारी आली तर मैदान सोडा, दवाखाना गाठा आणि काय घेतले ते लपवू नका. डबा किंवा बाटली सोबत न्या. डॉक्टर तुमच्यावर गुन्हा दाखल करायला बसलेले नसतात, आणि त्या घटकेला खरे नाव कळण्यावर उपचार ठरतो.

पालकांच्या हातातही एक हत्यार आहे, ज्याची माहिती फारच थोड्यांना आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार विकत घेतलेल्या अन्नपदार्थाचा नमुना कोणताही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी विक्रेत्याला तसे खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. अहवालात कायद्याचा भंग दिसला तर भरलेली फी परत मिळते. तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक 1800-222-365 आहे. घरात असा डबा असेल तर आज त्याचे लेबल मुलासोबत बसून वाचा, आणि शंका आली तर हा फोन लावा.